तीस वर्षं पोलिसात होते, बरं मग पुढे?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुम्ही अमेरिकेतल्या एका काउंटीची छोटी बातमी दिली होती, तीस वर्षं पोलीस खात्यात काढलेले एक अधिकारी आता शेरीफच्या निवडणुकीला उभे आहेत, वर युनिफॉर्ममधला फोटो आणि खाली कुठे कुठे नोकरी केली, किती पदकं मिळाली वगैरे. ती बातमी आमच्या मिरजेच्या फॅमिली ग्रुपवर फिरत फिरत माझ्याकडे आली आणि त्याखाली काका, मामेभाऊ, आत्याचे यजमान सगळ्यांचं एकच चाललं होतं, बघा तिकडे पोलिसांचा साहेब पण लोक निवडून देतात, आपल्याकडे एसपी असा निवडून दिला असता तर काय बिशाद होती कुणाची त्याच्यावर दबाव आणायची. आता मी राहते कॅलिफोर्नियात कुपर्टिनोला, आमच्या गावाचे पोलीस म्हणजे शेरीफचेच लोक, आणि माझे वडील सांगली जिल्ह्यात हवालदार होते, म्हणजे दोन्हीकडचं थोडं थोडं बघितलंय, म्हणून म्हटलं ग्रुपवर भांडत बसण्यापेक्षा सरळ तुम्हालाच लिहावं.

आधी हे शेरीफ प्रकरण काय ते सांगते, कारण मुंबईलाही शेरीफ असतो, दिलीपकुमार होते, सुनील गावसकर होते, पण ते मानाचं पद, वर्षभरापुरतं, त्यात हातात काठीसुद्धा नाही. इथला शेरीफ म्हणजे जिल्ह्याएवढ्या काउंटीचा पोलीसप्रमुख, तुरुंगाधिकारी आणि कोर्टाचा बंदोबस्तवाला असं तिन्ही एकाच माणसात. भाडं थकलं आणि कोर्टाचा हुकूम निघाला की घर खाली करायला दारात येतात ते शेरीफचेच डेप्युटी. आमची सांता क्लारा काउंटी साधारण १९ लाख वस्तीची, सिलिकॉन व्हॅली म्हणतात ती हीच. सॅन होजे, माउंटन व्ह्यू, पालो आल्टो ह्या शहरांचे स्वतःचे पोलीस आहेत, सनीव्हेलमध्ये तर पोलीस आणि फायर ब्रिगेड एकच खातं आहे, पण कुपर्टिनो, साराटोगा आणि लॉस आल्टोस हिल्स ह्यांनी स्वतःचं खातं ठेवलेलंच नाही, ही गावं शेरीफला पैसे देतात आणि तो गस्तीला माणसं देतो. डी आन्झा बुलेवार्डवर त्यांचं सबस्टेशन आहे, मी रोज समोरून जाते, आणि खात्रीने सांगते की आमच्या ओळखीतल्या निम्म्या मराठी लोकांना ती बिल्डिंग पोलीस चौकी आहे हेच माहीत नाही.

आणि तुरुंग मात्र सगळ्यांना एकच. पकडलं सनीव्हेलच्या पोलिसांनी काय नि सॅन होजेच्या काय, नेऊन ठेवणार शेरीफच्याच मेन जेलमध्ये किंवा मिल्पिटासच्या एल्मवूडला. शनिवारच्या पार्टीतून दोन पेग जास्त घेऊन निघालेला आपला सॉफ्टवेअरवाला सुद्धा तिथेच जातो, तेव्हा तुरुंग म्हणजे गुन्हेगारांचा विषय, आपला काय संबंध असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

आता मुद्द्यावर येते. तुमच्या बातमीत ज्याचं कौतुक होतं ना, तीस वर्षांचा अनुभव, ती गोष्ट कॅलिफोर्नियात तरी काहीच सांगत नाही. कारण इथे १९८०च्या दशकाच्या शेवटी कायदाच झाला की शेरीफच्या निवडणुकीला उभं राहायचं तर पोलीस प्रशिक्षणाचं वरच्या दर्जाचं सर्टिफिकेट पाहिजे, नाहीतर ठराविक शिक्षण आणि ठराविक वर्षं पोलिसाची पगारी नोकरी असा जोड तरी पाहिजे. म्हणजे मतपत्रिकेवर जेवढी नावं छापून येतात ती सगळी खात्यातलीच, वकील, मास्तर, समाजसेवक कुणी उभाच राहू शकत नाही. मग सगळेच अनुभवी असतील तर अनुभव बघून मत कुणाला द्यायचं?

तरीसुद्धा प्रचार बघावा तर सगळा त्याच्यावरच. मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावाखाली धंदा लिहायला फक्त तीन शब्द मिळतात, तिथे पोलीसप्रमुख किंवा निवृत्त कॅप्टन असं काहीतरी येतं. मग पोस्टाच्या पेटीत जाड गुळगुळीत कागदाची पत्रकं पडायला लागतात, निळा रंग, मागे झेंडा, छातीवर बिल्ला, शेजारी बायको, दोन मुलं आणि कुत्रा, खाली कुठल्या पोलीस युनियनने आणि कुठल्या आमदाराने पाठिंबा दिला त्याची यादी. पाच उमेदवारांची पत्रकं डायनिंग टेबलवर एकाखाली एक ठेवली आणि नावं झाकली तर कोण कुठला ते उमेदवाराच्या आईला सुद्धा ओळखता येणार नाही. तुरुंगात काय करणार, चूक झाली तर कागद कुणाला दाखवणार ह्याबद्दल एक ओळ नाही. वडिलांच्या खात्यात सर्व्हिस शीट असायचं, त्यात निदान शिक्षा झाली असेल तर तीही लिहिलेली असायची, ह्या पत्रकात फक्त बक्षिसं.

माझं म्हणणं हवेतलं नाही, आमच्याच काउंटीत हे घडलंय. लॉरी स्मिथ म्हणून बाई होत्या, खात्यात डेप्युटीपासून चढत चढत वर गेलेल्या, १९९८ ला निवडून आल्या, कॅलिफोर्नियात निवडून आलेल्या पहिल्या महिला शेरीफ, केवढं कौतुक झालं त्यांचं आणि व्हायलाच पाहिजे होतं. त्यानंतर एकामागून एक अशा एकूण सहा निवडणुका जिंकल्या. अनुभव म्हणाल तर त्यांच्याइतका अख्ख्या राज्यात मोजक्या लोकांकडे असेल. आणि त्यांच्याच काळात २०१५ मध्ये मेन जेलमध्ये मानसिक आजार असलेला एक कैदी मारहाणीत मेला, तीन जेल डेप्युटींवर खुनाचा खटला चालला, काउंटीने घरच्यांना ३६ लाख डॉलर दिले. त्यानंतर चौकशीला समिती बसली, अहवाल आला, शिफारशी झाल्या. तरी २०१८ मध्ये आणखी एक मानसिक रुग्ण तुरुंगाच्या गाडीत स्वतःचं डोकं आपटून घेऊन कायमचा अपंग झाला आणि त्याच्या कुटुंबाला काउंटीने १ कोटी डॉलर दिले. हे पैसे कुणाचे, तर आमचे, प्रॉपर्टी टॅक्समधले.

पण शेवटी बाई अडकल्या त्या बंदुकीच्या परवान्यात. अंगावर लपवून पिस्तूल बाळगायचं असेल तर शेरीफचा परवाना लागतो, आणि २०२२ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल येईपर्यंत द्यायचा की नाही हे जवळजवळ शेरीफच्या मर्जीवर होतं. साध्या माणसाचा अर्ज फाईलमध्ये पडून राहायचा आणि प्रचाराला पैसे देणाऱ्यांचे, मोठ्या ओळखीवाल्यांचे अर्ज पटापट पुढे सरकायचे असा आरोप झाला, त्यांच्या नंबर दोनच्या अधिकाऱ्यावर आणि एका कॅप्टनवर २०२० मध्येच आरोपपत्र निघालं. शिवाय सॅन होजेच्या आइस हॉकी टीमची मॅच, तिथला महागडा सूट ज्याच्याकडून मिळाला तो परवानाधारक, आणि ही भेट कागदावर दाखवायला लागू नये म्हणून स्वस्तातली साधी तिकिटं विकत घेतली असं त्या खटल्यात पुढे आलं. आपल्याकडे लग्नात पाकिटावर नाव न टाकता देतात तसलाच प्रकार, फक्त आइस हॉकीतला.

आता गंमत बघा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काउंटीच्या सुपरवायझर मंडळाने, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखी पाच लोकांची सभा समजा, त्यांनी अविश्वास ठराव केला. झालं काय? काही नाही! बाई खुर्चीतच. कारण मंडळ फक्त बजेट मंजूर करतं, शेरीफ निवडून आलेला, त्याला ना कुणी सस्पेंड करू शकत ना बदली करू शकत. शेवटी नागरिकांची ग्रँड ज्युरी असते तिने आरोप ठेवले, शेजारच्या काउंटीच्या जज्जसाहेबांपुढे खटला उभा राहिला, त्या खटल्याची शिक्षा एकच, पदावरून दूर करणं. ज्युरी आत विचार करत बसलेली असताना ३१ ऑक्टोबर २०२२ ला बाईंनी राजीनामा दिला आणि ३ नोव्हेंबरला ज्युरीने त्यांना भ्रष्टाचार आणि गैरवर्तनासाठी दोषी ठरवलं, पण काढायला खुर्चीत कुणी नव्हतंच. आणि ८ नोव्हेंबरला नवीन शेरीफसाठी मतदान. इथे मतपत्रिका महिनाभर आधी पोस्टाने घरी येते, म्हणजे निकाल लागायच्या आधीच कितीतरी लोकांनी मत देऊन पाकीट पेटीत टाकलेलं होतं.

त्या निवडणुकीत प्राथमिक फेरीला पाच जण होते, पाचही पोलीस खात्यातलेच. शेवटच्या फेरीत दोघे राहिले, एक बॉब जॉन्सन आणि दुसरे केविन जेन्सन, आणि मराठी माणसाला ही दोन नावं फोनवर सांगून बघा, माझ्या मैत्रिणीचं नि माझं अर्धा तास बोलणं झालं आणि शेवटी कळलं की ती एकाबद्दल बोलतेय आणि मी दुसऱ्याबद्दल. दोघांकडेही तीन दशकांच्या आसपासचा अनुभव. मग फरक काय होता तर एक बाहेरचा आणि एक घरातला. जेन्सन ह्याच शेरीफ ऑफिसातून कॅप्टन म्हणून निवृत्त झालेले, २०१४ ला स्मिथबाईंच्या विरुद्ध उभे राहून पडलेले, म्हणजे खातं आतून माहीत आणि बाईंना पहिल्यापासून विरोध. जॉन्सन लॉस एंजेलिसच्या शेरीफ खात्यात वाढलेले, मग मेन्लो पार्क आणि पालो आल्टोचे पोलीसप्रमुख, म्हणजे ह्या तुरुंगातल्या माणसांशी ना मैत्री ना वैर. बाहेरचा माणूस आला तर जुने सगळे मिळून त्याला गुंडाळून ठेवतील का, आणि घरातला आला तर जुन्या मित्रांवर कारवाई करताना त्याचा हात थरथरेल का, हा खरा प्रश्न होता, आणि तो तीस वर्षं ह्या दोन शब्दांखाली गाडला गेला. अगदी थोडक्या फरकाने जॉन्सन निवडून आले.

बाहेरचा आला म्हणजे चांगलंच होतं आणि आतला वाईटच असंही नाही हं. लॉस एंजेलिसला बघा, देशातलं सगळ्यात मोठं शेरीफ खातं, तिथले ली बाका म्हणजे आयुष्य त्याच खात्यात काढलेले, त्यांच्या तुरुंगातल्या मारहाणीची एफबीआय चौकशी करत होती तर खात्याच्या लोकांनी एफबीआयचा खबऱ्या असलेला कैदीच लपवून ठेवला, आणि २०१७ मध्ये स्वतः बाकांना तीन वर्षांची शिक्षा झाली. मग बाहेरून आलेले जिम मॅकडॉनेल, त्यांना २०१८ मध्ये ह्याच खात्यातून निवृत्त झालेल्या अलेक्स व्हियानुएवांनी पाडलं, तिथे खुर्चीतला शेरीफ पडण्याची शंभर वर्षांतली ती पहिलीच वेळ. व्हियानुएवांचं खात्यावर देखरेख ठेवणाऱ्या समितीशी चार वर्षं भांडण, समन्सला जायचं नाही, कागद द्यायचे नाहीत. २०२२ ला लोकांनी लाँग बीचचे माजी पोलीसप्रमुख रॉबर्ट लुना ह्यांना आणलं आणि त्याच दिवशी दुसरं मत असं दिलं की पाचपैकी चार सुपरवायझरांना पटलं तर शेरीफला काढता येईल. मला वाटतं त्या दिवशीचं शहाणपणाचं मत हे दुसरं होतं, लुना पुढे कसेही निघोत.

आणि अगदी परवाची गोष्ट म्हणजे आमच्या शेजारची सॅन माटेओ काउंटी. तिथे २०२२ ला क्रिस्टिना कॉर्पस निवडून आल्या, त्याच खात्यातल्या कॅप्टन, खुर्चीतल्या शेरीफला हरवून, लोकांना वाटलं आता बदल होणार. दोन वर्षांत ४०० पानांच्या वरचा चौकशी अहवाल आला, ऑफिसातल्या अगदी जवळच्या माणसाला नियम बाजूला ठेवून पुढे आणलं, विरोध करणाऱ्यांचा सूड घेतला असे आरोप, त्यांनी सगळे नाकारले. तो अहवाल लिहिला लाडोरिस कॉर्डेल ह्या निवृत्त जज्जबाईंनी, आमच्याकडे २०१५ च्या त्या मृत्यूनंतर जी समिती बसली होती तिच्या अध्यक्षा ह्याच. मार्च २०२५ मध्ये खास मतदान घेऊन लोकांनी सुपरवायझरांना शेरीफला काढायचा अधिकार दिला आणि ऑक्टोबरमध्ये मंडळाने एकमताने कॉर्पसबाईंना काढलं. एवढ्यासाठी आधी वेगळी निवडणूक घ्यावी लागली, कळलं का काका?

काकांना हेच सांगायचंय. वडिलांच्या नोकरीत आम्ही शाळा किती बदलल्या ते त्यांना माहीत आहे, बदलीचा कागद आला की आई भांडी पोत्यात भरायला घ्यायची, आणि बदली का झाली तर कुठल्यातरी पुढाऱ्याच्या पाहुण्याला लॉकअपमध्ये बसवलं म्हणून. त्यामुळे पोलिसावर पुढारी नको हे माझ्या घरात शिकवायला लागत नाही. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये प्रकाश सिंग खटल्यात सांगितलं की ठराविक काळ बदली करू नका आणि तक्रार ऐकायला वेगळं प्राधिकरण नेमा, महाराष्ट्राने २०१४ ला कायद्यात दुरुस्तीही केली, त्याचा जोर लावून पाठपुरावा करायला पाहिजे, ते सोडून एसपीलाच निवडणुकीला उभं करा म्हणणं म्हणजे त्याच पुढाऱ्याच्या पाहुण्याकडे एसपीने वर्गणी मागायला जाणं. आत्ता तो निदान बदली झाली की जातो, निवडून आलेला चोवीस वर्षं बसेल, आमच्याकडे बसलेला मी बघितलाय.

इथल्या मराठी मंडळींबद्दल पण बोलायचंय, तुमचा पेपर इकडे मोबाईलवर बरेच जण वाचतात. आपल्यातले कितीतरी ग्रीन कार्डच्या रांगेत, त्यांना मत नाही, ठीक आहे. पण ज्यांना सिटिझनशिप मिळून वर्षं झाली ते प्रेसिडेंटवरून दिवाळीच्या फराळाला एकमेकांशी बोलणं टाकतात आणि मतपत्रिकेच्या मधल्या पानावरचा शेरीफ कोरा सोडतात. अरे तुमच्या घरी चोरी झाली, दिवाळीच्या सुमाराला देशी लोकांच्या घरात सोनं असतं हे चोरांना पक्कं ठाऊक आहे, तर येणार तो शेरीफचा डेप्युटी. तुमच्या भाच्याचा व्हिसा आहे आणि तो कुठल्या लफड्यात अडकून मेन जेलला गेला तर त्याला सोडताना इमिग्रेशनवाल्यांना खबर जाणार का, राज्याचा २०१७ चा कायदा पुष्कळशी बंधनं घालतो पण जेवढी मोकळीक उरते ती शेरीफ कशी वापरणार, हे त्याला निवडणुकीआधी विचारायला नको?

विचारायचं म्हणजे फार अवघड नाही. तुरुंगात मानसिक आजाराचे कैदी किती आहेत आणि त्यांच्यासाठी रात्री डॉक्टर असतो का. देखरेख करणाऱ्या ऑफिसला बॉडी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आणि कागद न भांडता देणार का, स्मिथबाईंच्या काळात तिथेच घोडं अडलं होतं. देणग्या कुणाकडून घेतल्या आणि त्यातल्या कुणाचा बंदुकीचा अर्ज आहे का. आणि मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की साहेब, तुमच्या तीस वर्षांत तुम्ही स्वतःच्या हाताखालच्या कुणावर कधी कारवाई केलीत का, त्याचं पुढे काय झालं. ह्या शेवटच्या प्रश्नाला जो घाम न फुटता उत्तर देईल त्याचा अनुभव मी मानीन.

संपादकसाहेब, तुम्हाला एवढीच विनंती की अशी बातमी द्याल तेव्हा उमेदवाराच्या पत्रकातलंच मराठीत करून देऊ नका, त्या काउंटीच्या तुरुंगाची काय अवस्था आहे, आधीचा शेरीफ का गेला, त्याला काढायची काही सोय आहे की नाही हे चार ओळीत द्या, जागा नसेल तर पदकं गाळा. आमच्याकडे राज्याच्या कायद्यामुळे शेरीफची निवडणूक आता प्रेसिडेंटच्या वर्षात गेलीय, म्हणजे पुढची २०२८ ला, तिची प्राथमिक फेरी मार्चमध्ये, आणि तिथेच कुणाला निम्म्याच्या वर मतं पडली की संपलं, नोव्हेंबरची वाट बघायचं कारणच नाही. तेव्हा आपल्या मराठी मंडळाच्या लोकांना आत्ताच सांगून ठेवते, त्या वर्षी संक्रांतीच्या कार्यक्रमाला गाण्याऐवजी उमेदवारांना बोलवा, तिळगूळ द्या आणि वरचे प्रश्न विचारा, माईक मी धरते.

आपली,
एक वाचक, कुपर्टिनो (मूळची मिरजेची)